छिद्र पाडण्याची कला आणि छिद्राचे कारण

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. हा विमानतळ नावाने मुंबईचा असला, तरी त्याची जमीन रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याची आहे. त्याच्यासाठी दहा गावांना आपली घरे सोडावी लागली. ह्याच पट्ट्यात, १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले.

विकासासाठी जे आपली जमीन देतात त्यांचा त्या विकासात वाटा काय, असा प्रश्न त्या लढ्याने विचारला होता. साडेबारा टक्के हे त्याचे जमिनीच्या मापातले उत्तर होते. चाळीस वर्षांनंतर तोच प्रश्न ज्ञानाच्या मापात विचारण्याची वेळ आली आहे. ज्या भूमीवर विमाने उतरतात त्या भूमीतील मुलांना विमानतळावर सामान उचलण्याचे, पहारा देण्याचे आणि फरशी पुसण्याचे काम मिळेल. कदाचित पुरेसे मिळेल, कदाचित त्यासाठीही आंदोलन करावे लागेल. परंतु त्या विमानाच्या पंखाखाली जे इंजिन आहे, ते असेच का घडवले आहे, हे जाणणारा माणूस ह्या जिल्ह्यात, किंबहुना ह्या देशात, किती ठिकाणी सापडेल?

हा प्रश्न मोघम राहू नये म्हणून इंजिनाच्या एकाच भागाचा विचार येथे करावयाचा आहे. तो भाग म्हणजे ज्वलनकक्ष. भारतात सेवेत असलेल्या एकाही जेट प्रवासी विमानात किंवा लढाऊ विमानात भारतीय आराखड्याचा ज्वलनकक्ष नाही. तोफखान्याच्या व क्षेपणास्त्रांच्या सरावासाठी उडवल्या जाणाऱ्या ‘लक्ष्य’ ह्या वैमानिकविरहित विमानाकरिता हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एक छोटे इंजिन बनवले. तो अपवाद सन्मानाने नोंदवला पाहिजे. पण अपवाद तेथेच संपतो. विषय अभियंत्यांचा आहे हे खरे. तथापि ज्ञान कोणाच्या मालकीचे असते, ते मिळवण्याचा खर्च कोणी सोसावयाचा आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत. आणि अर्थशास्त्राचे असल्यामुळेच ते अंतिमतः राजकारणाचे आहेत.

हातभर लांबीचा कक्ष

जेट इंजिनात समोरून आलेली हवा संपीडक दाबतो. ती दाबलेली, तापलेली हवा ज्वलनकक्षात शिरते आणि तेथे इंधनाचा फवारा जळतो. त्या तप्त वायूने टर्बाइन फिरते, टर्बाइन संपीडकाला फिरवते, आणि उरलेल्या शक्तीने विमान पुढे रेटले जाते. एवढे वर्णन शाळेच्या पुस्तकातही असते. अडचण त्याच्या पुढे आहे. संपीडकातून बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या घरात, म्हणजे ताशी सुमारे ५४० किलोमीटर असतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता, आणि त्याने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्याच्या चौपटीहून अधिक वेगाच्या वाऱ्यात ज्योत तेवत ठेवायची, असे हे काम आहे. त्यासाठी आधी हवेची वाट रुंदावत नेऊन तिचा वेग उतरवावा लागतो. मग इंधनाच्या तोटीभोवती वळलेली पाती बसवून हवेचा भोवरा करावा लागतो. ह्या भोवऱ्याच्या पोटात जळालेला तप्त वायू उलटा फिरून मागे येतो व नव्याने येणाऱ्या इंधनाला पेटवत राहतो. वाऱ्याच्या आधाराने वाऱ्यापासून ज्योत वाचवण्याचा हा प्रकार आहे.

दुसरी अडचण उष्णतेची. ज्योतीचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि कक्षाचे आतले अस्तर ज्या निकेलच्या मिश्रधातूंचे असते ते तेराशे-चौदाशे अंशांच्या दरम्यान वितळतात. अस्तराचा पत्रा एक-दोन मिलिमीटर जाडीचा. तो वाचतो ह्याचे कारण असे, की त्याला पाडलेल्या असंख्य बारीक छिद्रांतून थंड हवा आत झिरपून पत्र्यालगत पातळ थर धरते आणि त्याशिवाय त्याच्यावर उष्णतारोधक सिरॅमिकचा लेप असतो. येथे ‘थंड’ हा शब्दही सापेक्षच आहे. ती हवा संपीडकातूनच आलेली असल्याने कित्येक शे अंशांची असते.

तिसरी अडचण वाटपाची, आणि ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. एक किलो केरोसीन पूर्ण जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. इंजिनातून त्याच्या कित्येक पट हवा वाहते. पण म्हणून ती मुबलक आहे असे समजू नये. काही हवा ज्योतीला हवी, काही अस्तराला थंड ठेवण्यास हवी, आणि उरलेली शेवटी मिसळून टर्बाइनच्या पात्यांना सोसेल इतक्या तापमानाला वायू आणण्यास हवी. ज्योतीला अधिक हवा दिली तर नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे प्रमाण घटते, परंतु अस्तराच्या वाट्याची हवा कमी पडते आणि ज्योत विझण्याचा धोका वाढतो. अस्तराला अधिक दिली तर पत्रा टिकतो, पण कक्षाच्या टोकाशी तापमान समान राहत नाही; आणि एखाद्या जागी जरी तप्त पट्टा निर्माण झाला, तरी त्याच्या समोरचे टर्बाइनचे पाते करपते. मर्यादित साधन आणि परस्परविरोधी गरजा ह्यांचा हा मेळ हातभर लांबीच्या जागेत, क्षणाच्या काही सहस्रांशांत घालावा लागतो. आणि तो धावपट्टीवर, अकरा किलोमीटर उंचीवर, पावसात व गारांत सारखाच टिकावा लागतो. उंचीवर ज्योत विझलीच, तर ती तेथल्या विरळ, गोठलेल्या हवेत पुन्हा पेटली पाहिजे.

हे सारे वाटप करणारी वस्तू कोणती? पत्र्यातील छिद्रे. कोणते छिद्र कोठे, किती व्यासाचे, कोणत्या कोनात, हाच ज्वलनकक्षाच्या आराखड्याचा गाभा आहे. गणकयंत्रावर आज त्याचा पुष्कळसा अंदाज करता येतो. परंतु खवळलेल्या प्रवाहातील ज्वलनाचे गणित अजूनही अंदाजाचेच गणित आहे. शेवटी कक्ष तयार करून, पेटवून, करपवून, तडकवूनच त्याची खातरजमा होते.

कारण न जाणण्याची किंमत

ह्या विद्येचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल यांनी एप्रिल १९३७ मध्ये आपले इंजिन प्रथम चालवले, तेव्हा त्यांच्या वाटेतील सर्वांत चिवट अडथळा ज्वलनाचाच होता. इतक्या लहान जागेत एवढी उष्णता निर्माण करण्याचा अनुभव तत्कालीन भट्ट्या बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यास नव्हता. १९४० मध्ये शेल कंपनीतील आयझॅक लबक यांच्या फवाऱ्याच्या रचनेने मार्ग खुला झाला, आणि १५ मे १९४१ रोजी व्हिटल यांच्या इंजिनावर विमान उडाले. प्रतिभावान माणूस, सैन्याची निकड आणि प्रगत उद्योग हे तिन्ही हाताशी असतानाही मधली चार वर्षे प्रामुख्याने अपयशांची होती. त्या अपयशांतूनच ब्रिटनचे इंजिनशास्त्र जन्मले.

उलट बाजूचे उदाहरण २२ ऑगस्ट १९८५ चे आहे. मँचेस्टरच्या धावपट्टीवर वेग घेणाऱ्या एका बोइंग ७३७ विमानाच्या डाव्या इंजिनात ज्वलनकक्षाचे एक नळकांडे फुटले. त्याच्या आघाताने इंजिनाचे आवरण उघडले, एक तुकडा पंखातील इंधनटाकीवर आदळला, आणि आगीत ५५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या नळकांड्याला पूर्वी तडा गेला होता व तो वेल्डिंग करून सांधलेला होता. सांधणारे लोक अनाडी नव्हते. त्यांच्या हाती पद्धत होती. परंतु सांधलेला तडा पुन्हा त्याच ज्वाळेत किती टिकेल, ह्या कारणमीमांसेत उणीव राहिली. पत्र्यातील एक तडा म्हणजे काय, हे ह्या घटनेने जगाला शिकवले. कृती आणि तिचे कारण ह्यांतील अंतर कधी कधी माणसांच्या प्राणांनी मोजावे लागते.

साठ वर्षांची उजळणी

आता आपल्याकडे पाहू. भारतीय विमानविद्येच्या प्रारंभी कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या घाटगे यांनी आराखडा केलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. त्याचे इंजिन मात्र ब्रिटिश होते. १७ जून १९६१ रोजी उडालेले ‘मारुत’ हे लढाऊ विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या अपेक्षेने कल्पिलेले होते. साजेसे इंजिन न मिळाल्याने ते ध्वनीच्या वेगापाशीच अडखळले. ४ जानेवारी २००१ रोजी ‘तेजस’ उडाले, तेही अमेरिकन इंजिनावर. अर्धशतकात तीन विमाने झाली, आणि तिन्ही वेळा देह आपला व हृदय उसने अशीच स्थिती राहिली.

येथे कोणी म्हणेल, की इंजिने तर आपण गेली साठ वर्षे बनवीत आहोत. हे खरे आहे. मिग-२१ च्या निर्मितीचा परवाना १९६० च्या दशकात मिळाला. नाशिकजवळ ओझरला विमाने जोडली गेली आणि ओडिशातील कोरापुट येथे त्यांची इंजिने तयार होऊ लागली. ओझरच्या कारखान्याने नाशिक परिसरात कुशल कामगारांची एक पिढी घडवली, हे श्रेय कोणी नाकारू नये. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ भारतीय हवाईदलातून निवृत्त झाले. विमानाचे आयुष्य संपले. पण त्याची इंजिने बनवता बनवता त्यांच्यापासून आपले असे एकही पुढचे इंजिन जन्मास आले नाही. असे का व्हावे?

अर्थशास्त्रात ह्याचे उत्तर शोधता येते. टी. पी. राइट ह्या अमेरिकन अभियंत्याने १९३६ मध्ये दाखवून दिले, की विमानांचे एकूण उत्पादन दुप्पट झाले, की प्रत्येक विमानामागील श्रम ठरावीक प्रमाणात घटतात. पुढे १९६२ मध्ये केनेथ ॲरो यांनी ‘करता करता शिकणे’ ह्या कल्पनेस शास्त्रीय रूप दिले. आपल्या नियोजनकारांनी ही कल्पना आनंदाने स्वीकारली आणि त्यात एक पायरी गाळली. माणूस जे करतो तेच शिकतो. परवान्याखाली आपण नकाशाप्रमाणे घडवण्याचे काम केले. म्हणून घडवण्यात तरबेज झालो. नकाशा काढण्याचे, तो चुकण्याचे, पुन्हा काढण्याचे काम आपल्या वाट्यास आलेच नाही. म्हणून ते शिकलो नाही. उत्पादनाची शिडी कितीही चढली, तरी ती आराखड्याच्या मजल्यावर पोहोचत नाही. तेथे जाणारी शिडी वेगळी आहे.

ती दुसरी शिडी चढण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न ‘कावेरी’ इंजिनाच्या रूपाने झाला. बंगळूरच्या संरक्षण संशोधन संस्थेला हे काम मार्च १९८९ मध्ये मंजूर झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ३८३ कोटी रुपयांचा आणि मुदत १९९६ पर्यंतची होती. मुदत गेली, मंजुरी २,८३९ कोटींपर्यंत वाढली, अपेक्षित रेटा ८१ किलोन्यूटनचा असताना प्रत्यक्षात तो सत्तरीच्या आसपास थांबला, आणि २००८ मध्ये ‘तेजस’शी कावेरीचे नाते तोडण्यात आले. महालेखापालांनी कोरडे ओढले. वर्तमानपत्रांनी सार्वजनिक संशोधनाच्या नावाने आणखी ओढले. नियोजन फसले, दायित्व निश्चित झाले नाही, ही टीका रास्तच होती. तथापि दोन गोष्टी त्या गदारोळात झाकल्या गेल्या. पहिली अशी, की उंचीवरील विरळ हवेत इंजिनाची परीक्षा घेण्याची सोय देशात नव्हती. त्यासाठी आणि २०१० मधील उड्डाणचाचण्यांसाठी इंजिन रशियास न्यावे लागले. प्रयोगशाळेशिवाय संशोधकास कामाला लावायचे व मग निकाल का लागला नाही म्हणून विचारायचे, ह्याला काय म्हणावे? दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. कावेरीवर झालेला एकूण खर्च सुमारे दोन हजार कोटींचा सांगितला जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये सुखोई विमानांसाठी परवान्याखालील २४० इंजिनांची जी एकच मागणी नोंदवली गेली, तिची किंमत २६ हजार कोटींहून अधिक आहे. नकाशाप्रमाणे घडवण्यासाठी एका सहीत जेवढे देतो, त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी रक्कम नकाशा शिकण्यासाठी आपण दोन-तीन दशकांत खर्च केली आणि तीही आपल्याला उधळपट्टी वाटली.

ऐंशी टक्के कशाचे?

जून २०२३ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि अमेरिकेची जीई कंपनी ह्यांच्यात एफ-४१४ इंजिन भारतात बनवण्याविषयी सामंजस्य करार जाहीर झाला आणि ऐंशी टक्के तंत्रज्ञान आपल्याला मिळणार, अशी ग्वाही फिरली. कोणती तंत्रे मिळणार ह्याची जी यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात एक बाब अशी होती : ज्वलनकक्षाला लेसरने छिद्रे पाडण्याचे तंत्र. हे तंत्र क्षुल्लक नाही. वक्र पत्र्यावर मिलिमीटरहून लहान छिद्रे, ठरावीक कोनात, हजारोंच्या संख्येने आणि पत्र्यास तडा न जाऊ देता पाडणे ही मोठी कारागिरी आहे. ती अवश्य घ्यावी. परंतु छिद्र तेथेच का, हे त्या यादीत नाही. ते कोणीही विकत नसते, कारण तेच त्यांचे भांडवल आहे. पत्र्याचा मिश्रधातू, लेप किंवा इंधन बदलले की छिद्रांची मांडणी बदलावी लागते. आणि ती बदलण्यासाठी पुन्हा मालकाच्या दारी जावे लागते. तेव्हा हे ऐंशी टक्के किमतीचे की ज्ञानाचे, असा प्रश्न संसदेत विचारला गेला पाहिजे. नगांच्या मोजणीत ज्ञानाचा हिशेब लागत नाही.

मालकाच्या दारी थांबण्याचा अनुभवही ताजाच आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांचा फटका ‘तेजस’ला बसला. २०२१ मध्ये मागणी नोंदवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आले आणि तोवर विमानांची रांग खोळंबली. ह्यात कोणाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. विक्रेते मोजके, ग्राहक अगतिक, आणि एकदा घेतलेल्या इंजिनाचे सुटे भाग पुढील तीस वर्षे त्याच दुकानातून घ्यावयाचे. अशा बाजारात विक्रेत्याने जे करावे तेच तो करीत असतो.

खारा वारा कोणाला ठाऊक?

ह्यावर उदारमतवादी अर्थतज्ज्ञ म्हणतील, की जे बाहेर उत्तम मिळते ते घरी करण्याचा अट्टहास कशासाठी? त्यांना २०१७ मधील एका घटनेची आठवण करून द्यावीशी वाटते. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या नव्या इंजिनांवर उडणारी इंडिगो व गो-एअर ह्या कंपन्यांची काही विमाने त्या काळात जमिनीवर उभी राहिली. जी कारणे पुढे आली त्यांत ज्वलनकक्षाचे अस्तर अपेक्षेपेक्षा लवकर खराब होणे हे एक होते, आणि भारतासारख्या उष्ण व प्रतिकूल हवेत ही झीज अधिक जाणवत होती. कंपनीने पुढे सुधारित ज्वलनकक्ष आणला. समुद्राच्या हवेतील मीठ आणि इंधनातील गंधक ह्यांच्या संयोगाने तप्त धातूवर क्षार साचून त्याला पोखरतात, हे रसायनशास्त्र जुनेच आहे. परंतु मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत खिडकीचे गज दोन पावसाळ्यांत कसे झडतात, हे जो रोज पाहतो, त्याच्या दृष्टीने खारा वारा ही आराखड्याची पहिली अट असते. दूरच्या शीत प्रदेशातील आराखडाकाराच्या दृष्टीने ती यादीतील एक बाब असते. मे २०२३ मध्ये ‘गो फर्स्ट’ने, म्हणजे नाव बदललेल्या गो-एअरनेच, दिवाळखोरीचा अर्ज करताना दोष इंजिनांवर ठेवला. इंजिननिर्मात्या कंपनीने तो नाकारला. वादाचा निर्णय काहीही असो. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यांतील कोणाही कर्मचाऱ्याला ते इंजिन उघडून कारण शोधण्याचा अधिकार नव्हता.

रायगडच्या किनाऱ्याला गॅस टर्बाइन परकी नाही. बॉम्बे हायचा शोध १९७४ मध्ये लागला, तेथील वायू उरणला किनाऱ्यावर आला आणि १९८२ पासून बोकडवीरा येथे वीज मंडळाचे वायू विद्युत केंद्र उभे राहिले. पहिली साठ मेगावॉटची चार यंत्रे कालांतराने निवृत्त झाली. त्यानंतरची १०८ मेगावॉटची चार वायुयंत्रे आणि त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी १२० मेगावॉटची दोन बाष्पयंत्रे मिळून केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट आहे. पुरेसा वायू न मिळाल्याने ती पुरतेपणी वापरली जात नाही, हे वेगळे दुखणे. ही यंत्रेही परदेशी बनावटीचीच. जमिनीवरचे यंत्र वजनदार व ऐसपैस असू शकते, विमानातले असू शकत नाही. परंतु ज्योत, भोवरा, अस्तर, छिद्र आणि लेप ह्यांचे शास्त्र दोहोंत एकच आहे. अशा यंत्राचा ज्वलनकक्ष ठरावीक तासांनंतर उघडून तपासावा लागतो : पत्रा कोठे तडकला, लेप कोठे उडाला, तोटी कोठे तुंबली. किनाऱ्यावरच्या हवेत चाळीस वर्षे चाललेल्या ज्वलनकक्षांच्या अशा नोंदी हा कोणत्याही आराखडाकाराच्या दृष्टीने खजिना आहे, आणि ह्या खजिन्याची मालकी सार्वजनिक आहे.

याच जिल्ह्यात, माणगावजवळ लोणेरे येथे, १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथे यंत्रशास्त्र शिकवले जाते, रसायन व खनिजतेल अभियांत्रिकीही शिकवली जाते. मुंबईला विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात भारतीय अग्निबाणांची इंजिने घडतात आणि कावेरीच्या भागांचे कामही तेथे हाती घेण्यात आले. त्याच समूहाने २०२३ मध्ये रायगडमधील खालापूर येथे विमानविद्येच्या सुट्या भागांचा नवा कारखाना उभारण्याचे जाहीर केले. म्हणजे वायू आहे, यंत्रे आहेत, विद्यापीठ आहे, कारागिरी आहे, विमानतळ आहे. ह्या सर्वांना जोडणारा एक दुवा नाही, आणि तो बाजार आपण होऊन तयार करणार नाही. ज्या ज्ञानाचे फळ वीस वर्षांनी, आणि तेही सर्वांना मिळावयाचे, त्यावर आज खाजगी भांडवल पैसा लावत नाही. हा त्या भांडवलाचा स्वभाव आहे. त्याबद्दल रागावण्यापेक्षा सार्वजनिक पैशाने ती जागा भरणे शहाणपणाचे.

दोन आक्षेप

समाजवादी वाचकांकडूनच दोन आक्षेप येतील. पहिला असा, की उपाशी देशाने लढाऊ विमानांच्या इंजिनांचा ध्यास का धरावा? आक्षेप गंभीर आहे. परंतु इंजिने आपण आजही घेतच आहोत. प्रश्न फक्त पैसा विकतच्या पेट्यांवर जावा की आपल्या माणसांच्या शिक्षणावर, एवढाच उरला आहे. शिवाय ज्वलनाची विद्या ही वीज, जहाजे, वायुवाहिन्यांवरील यंत्रे आणि प्रवासी विमाने ह्यांचीही विद्या आहे. ती केवळ संरक्षण खात्याच्या कुलुपात राहिली, हेच तिच्या वाढ खुंटण्याचे एक कारण आहे. गुप्ततेच्या पडद्याआड अपयशाची चर्चा होत नाही आणि चर्चेवाचून अपयशाचे ज्ञान होत नाही. विद्यापीठाच्या उघड्या प्रयोगशाळेत तडकलेला पत्रा शंभर विद्यार्थ्यांना शिकवतो. गुप्त प्रयोगशाळेत तोच पत्रा फायलीत बंद होतो.

दुसरा आक्षेप सार्वजनिक क्षेत्राच्या अकार्यक्षमतेचा. त्याला अवकाश संशोधनाचे उत्तर आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र देण्याचे नाकारले. आपल्या इंजिनावर निघालेले पहिले उड्डाण १५ एप्रिल २०१० रोजी फसले. ५ जानेवारी २०१४ रोजी ते यशस्वी झाले. वीस वर्षे लागली, आणि ती संस्था सार्वजनिकच होती. फरक इतकाच, की तेथे चाचणीची साधने उभारली गेली, माणसे टिकवली गेली आणि अपयशानंतर निधी आटला नाही. अकार्यक्षमता मालकीच्या पाटीतून येत नाही. ती धरसोडीतून येते.

मागण्या

तेव्हा मागणी नेमकी केली पाहिजे. एक : पूर्ण दाबावर ज्वलनकक्षाची आणि उंचीवरील स्थितीत इंजिनाची परीक्षा घेण्याची सोय देशात सार्वजनिक मालकीची असावी, आणि तिचा निधी दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या लहरीवर न ठेवता किमान पंधरा वर्षांसाठी बांधून द्यावा. दोन : लोणेरे विद्यापीठ व उरणचे वायू विद्युत केंद्र ह्यांच्या सहकार्याने किनारी हवेतील ज्वलनकक्षांच्या अभ्यासाची नागरी प्रयोगशाळा उभारावी, केंद्रातील तपासणीच्या नोंदी व निकामी झालेले भाग तिला खुले करावेत. तीन : त्या प्रयोगशाळेत आणि तिच्याशी जोडलेल्या तंत्रशिक्षणात प्रकल्पग्रस्तांच्या मुलामुलींना जागा राखून ठेवाव्यात. ह्या जागा वेल्डिंगच्या बाकापासून आराखड्याच्या टेबलापर्यंत सर्व पायऱ्यांवर असाव्यात. केवळ खालच्या पायऱ्यांवर नव्हे. चार : परदेशी इंजिनाच्या प्रत्येक करारात कोणती विद्या मिळाली आणि कोणती मिळाली नाही, ह्याचा हिशेब संसदेसमोर ठेवावा. पाच : अपयशी चाचण्यांचे अहवाल ठरावीक मुदतीनंतर प्रसिद्ध करावेत.

ह्यांतील एकही मागणी अवाजवी खर्चाची नाही. पण तिला धीर लागतो, आणि निवडणुकीच्या पाच वर्षांच्या मापात धीर बसत नाही. म्हणून लोकांनीच तो धरला पाहिजे. दास्तानफाट्यावर जे उभे राहिले त्यांना आपल्या जमिनीची किंमत सरकारपेक्षा अधिक नेमकी ठाऊक होती. त्यांच्या नातवंडांनी ज्ञानाच्या बाबतीत तितकेच काटेकोर असावे. विमानतळावर किती नोकऱ्या मिळाल्या, हे विचारताना त्या कोणत्या पायरीवरच्या आहेत हेही विचारावे. आणि परदेशी कंपनी छिद्र पाडायला शिकवते म्हणाली, की ते शिकून घेऊन लगेच दुसरा प्रश्न करावा : हे छिद्र येथेच का? त्याचे उत्तर आपल्या खर्चाने, आपल्या खाऱ्या हवेत, आपल्याच हातांनी शोधण्याची सोय करणे, हे लोकनियुक्त शासनाचे कर्तव्य आहे.